पाण्याचा माग काढत: नेअर्सबरोचा दगडी रेल्वे पूल पाहायचा आणि नोंदवायचा कसा

नेअर्सबरो हे इंग्लंडमधल्या उत्तर यॉर्कशायरचं जुनं बाजाराचं गाव. लीड्सहून हॅरोगेटमार्गे यॉर्ककडे जाणारी गाडी इथे चार कमानींच्या दगडी पुलावरून निड नदी ओलांडते आणि पूल संपतो न संपतो तोच स्टेशनात शिरते. पूल १८५१ सालचा. आराखडा थॉमस ग्रेंजरचा, खर्च ९,८०३ पौंड. शेजारच्या कड्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत, त्यांच्याशी जुळावं म्हणून पुलाचे कठडेही किल्ल्याच्या तटासारखे दातेरी केले आहेत. इंग्लंडच्या वारसा यादीत त्याला द्वितीय श्रेणी-तारांकित दर्जा आहे. म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या एक पायरी खाली.

हा इथला पहिला पूल नव्हे. आधीचा जवळजवळ पुरा होत आलेला असताना ११ मार्च १८४८ रोजी नदीत कोसळला. बांधकाम कच्चं होतं आणि नदीला पाणी जास्त होतं. आपल्याकडे भोर घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७ च्या ऐन पावसाळ्यात असाच गेला. म्हणून दगडी पूल पाहायला गेलात की एकच धागा धरा: पाणी वरून कुठून शिरतं, आतून कसं फिरतं आणि खाली कुठे बाहेर पडतं. पुढची सगळी कृती या धाग्याने बांधली आहे. नेअर्सबरोला एक पूर्ण दिवस पुरतो. हीच पद्धत खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या कमानींनाही जशीच्या तशी लागू पडते, फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

कधी जायचं

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. पावसात सगळाच दगड ओला दिसतो, आठवडाभर ऊन पडलं की सगळाच कोरडा. मधल्या दिवशी पृष्ठभागावरचं पाणी सुकलेलं असतं आणि आतून झिरपणारं तेवढं ओलं राहतं. तोच ओलावा आपल्याला हवा असतो. यॉर्कशायरमध्ये फेब्रुवारी-मार्च सर्वात बरा, कारण काठावरच्या झाडांना पानं नसतात आणि खांब मुळापासून दिसतात. मे महिन्यात गेलात तर फोटो सुंदर येतील, पण अर्धा पूल हिरवाईमागे जाईल. महाराष्ट्रात हे काम ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर या काळात करावं. पाऊस ओसरलेला असतो आणि भिंतीतला ओलावा अजून आटलेला नसतो.

पिशवीत काय घ्यायचं

आठ किंवा दहा पटीची दुर्बीण. ती नसेल तर जाऊच नका, कारण कमानीच्या माथ्यावरचा सांधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ५ मीटरची आणि ३० मीटरची टेप, ओळंबा, कोन मोजण्याचं ॲप असलेला फोन, चौकटीची वही, २बी पेन्सिल (पावसाळी हवेत पेनाची शाई पसरते), टॉर्च, साधा थर्मामीटर आणि भेगांची रुंदी मोजायचं पारदर्शक कार्ड. या कार्डावर ०.१ मिलिमीटरपासून पुढे वाढत्या जाडीच्या रेघा छापलेल्या असतात. लेझरचं अंतरमापक सोयीचं असतं, पण भर उन्हात त्याचा लाल ठिपका दहा-पंधरा मीटरपुढे दिसेनासा होतो आणि आपण नक्की कोणत्या दगडाचं माप घेतलं ते कळत नाही. ते ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी वापरा.

हातोडा नको. दगडावर टकटक करून पोकळपणा ओळखण्याची रीत जुनी आणि खरी आहे, पण वारसा यादीतल्या वास्तूवर ती मालकाच्या परवानगीविना करायची नसते. ड्रोनचाही विचार सोडा. वर चालती रेल्वे आहे. रुळांच्या हद्दीत पाऊल टाकणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे आणि १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. भारतात रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगली नोंद हवी असेल तर तिची नव्वद टक्के सामग्री खालूनच मिळते, वर चढायची गरज पडत नाही.

उभं कुठे राहायचं

सुरुवात किल्ल्याच्या आवारातून करा. किल्ला पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या दिशेला, गावाच्याच काठावर आहे. तिथून पूल साधारण उत्तरेला दिसतो, म्हणजे दुपारी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पुलाची दक्षिण बाजू उजेडात. पण उजेड भरपूर म्हणून भिंत नीट दिसते असं नाही. समोरून पडणाऱ्या उजेडात भिंतीचा फुगवटा सपाट दिसतो. फुगवटा, निसटलेला दगड, खोल गेलेला सांधा हे सगळं तिरप्या उन्हात सावली टाकून स्वतःच पुढे येतं. तेव्हा दुपारी सबंध पुलाचे फोटो घ्या आणि बारकावे सकाळी किंवा उतरत्या उन्हात बघा.

मग पायऱ्या उतरून नदीकाठच्या वॉटरसाइड रस्त्यावर या. इथून पुलाच्या अगदी पायथ्याशी जाता येतं. हंगामात वल्ह्याच्या बोटी भाड्याने मिळतात. बोट घेतली तर मधल्या कमानींचं पोट, म्हणजे आतली खालची बाजू, खालून सरळ दिसतं, काठावरून ते तिरपंच दिसतं. समोरचा काठ बराचसा तिकीट लावलेल्या खासगी उद्यानाचा आहे.

कमानींना आधी क्रमांक द्या आणि दिवसभर तेच ठेवा. स्टेशनकडून मोजली तर स्टेशनलगतची १, पलीकडची ४. खांबांना अक्षरं द्या: क, ख, ग. प्रत्येक नोंदीत प्रवाहाच्या वरची बाजू की खालची तेही लिहा. ‘डावीकडे भेग’ ही नोंद घरी आल्यावर शून्य किमतीची असते. डावीकडे म्हणजे कोण कुठे तोंड करून उभं होतं?

माप

उंची कोनावरून काढायची. खांबाच्या पायापासून सपाट जमिनीवर ठरावीक अंतर टेपने मोजा, कठड्याच्या वरच्या कडेवर फोन रोखून कोन वाचा. अंतर गुणिले कोनाचा टॅन, त्यात डोळ्याची उंची मिळवा. समजा अंतर ३० मीटर, कोन ३८ अंश, डोळा जमिनीपासून १.६ मीटर. ३८ चा टॅन ०.७८१. म्हणजे २३.४ अधिक १.६, एकूण २५ मीटर.

घोळ होतो तो कोनात. याच उदाहरणात कोन एका अंशाने चुकला तर उंची सुमारे ८४ सेंटिमीटरने चुकते. ८० मीटरवर जाऊन मोजलं तर तीच एका अंशाची चूक दीड मीटरची होते. पुलाच्या उंचीइतक्याच अंतरावर उभं राहून, म्हणजे कोन ४५ अंशांच्या आसपास येईल असं, मोजलं की चूक सर्वात कमी. पाच वेळा वाचा, सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा टाकून द्या, उरलेल्या तिघांची सरासरी घ्या. जमीन नदीकडे उतरत असेल तर डोळ्याची उंची धरू नका. त्याऐवजी खांबाच्या तळाचा कोनही वाचा आणि वरचं व खालचं अशी दोन मापं जोडा.

पडताळणी दगडाच्या थरांवरून. पायथ्याशी हाताशी येणारे दहा थर एकत्र मोजा, दहाने भागा आणि दुर्बिणीतून थर मोजत वर जा. कमान जिथून सुटते त्या ओळीपर्यंत थर मोजणं सोपं असतं. दोन्ही पद्धतींत अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला तर बहुधा थरांची उंची वर बदलली आहे. जुने गवंडी जाड दगड खाली आणि पातळ वर लावत, ते नोंदवायलाच हवं.

कमानीची मोकळी रुंदी जमिनीवरून मोजता येते. उठाव म्हणजे कमान सुटते त्या ओळीपासून माथ्यापर्यंतची उंची. कमान नेमकी अर्धवर्तुळ असेल तर उठाव रुंदीच्या बरोबर निम्मा येतो. एकाच पुलाच्या चारांतल्या एकाच कमानीत तो कमी आला तर आधी स्वतःच्या मोजणीवर संशय घ्या. पुन्हा मोजूनही तसाच आला तर माथा बसला असण्याची शक्यता लिहून ठेवा.

वरून खाली, पाण्यामागे

दगडी कमानीचा पूल आतून भरीव दगडी नसतो. कमानीच्या पाठीवर माती-डबराचा भराव, दोन्ही अंगांना तो धरून ठेवणाऱ्या भिंती, वर खडी आणि रूळ. पावसाचं पाणी खडीतून भरावात उतरतं. ते बाहेर जायला खांबांच्या वर किंवा भिंतीत निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. भोकं चालू असतील तर त्यांच्या खाली एकच अरुंद ओला पट्टा दिसतो, आणि तो चांगला. भोक कोरडं ठणठणीत आणि त्याच्या आसपासची भिंत ओली असं दिसलं की भोक बुजलं आहे. पाण्याने दुसरी वाट काढली आहे.

ती दुसरी वाट कमानीच्या पोटात सापडते. टॉर्चचा झोत तिरपा मारून बघा. पांढरे ओघळ, कधी बोटाएवढे लोंबते सुळे दिसतील. आतल्या चुन्यातला अंश पाण्यात विरघळून बाहेर येतो आणि हवा लागली की पुन्हा दगड होऊन बसतो. याच गावात नदीच्या पलीकडच्या काठावर मदर शिप्टनचा झरा आहे, तिथे खनिजांनी भरलेल्या पाण्याखाली टांगलेली खेळणी काही महिन्यांत दगडासारखी कडक होतात. लोक तिकीट काढून ते बघायला जातात. पुलाच्या पोटात तसलंच काही फुकट दिसतं, फक्त इथे तो चुना सांध्यांतून गेलेला असतो. पांढरा ओघळ कोरडा आणि धुळकट असेल तर गळती जुनी आहे, बहुधा थांबलेली. ओला, चकचकीत, टोकाला थेंब लटकलेला असेल तर चालू आहे. एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजून लिहा. सहा महिन्यांनी हाच आकडा कामाला येतो.

काळा रंग म्हणजे ओल नव्हे. वालुकाश्मावर वाफेच्या इंजिनांच्या काळातली काजळी आजही बसलेली आहे, नवशिके हमखास तिला ओल समजतात. हिरवं शेवाळ मात्र खोटं बोलत नाही, ते असेल तिथे महिनोन्‌महिने ओल आहे. हात पोचत असेल तर पंजाची मागची बाजू दगडाला लावा. ओला दगड शेजारच्यापेक्षा थंड लागतो.

कमानीच्या खांद्यावरच्या भिंती एका टोकाला उभं राहून लांबवर नजर टाकून बघा, सुतार फळीची सरळाई बघतो तसं. भरावात पाणी साचलं की भिंत बाहेर ढकलली जाते. वर्षानुवर्षं खडीवर खडी पडून रुळांची पातळी वर गेली असेल तर रेटा आणखी वाढतो. हाताशी असलेल्या भागात ओळंबा सोडून तीन उंचींवर भिंतीपर्यंतचं अंतर मोजा: वर ५०, मध्ये ३८ आणि खाली ५० मिलिमीटर आलं तर मधे १२ मिलिमीटरचा फुगवटा आहे.

झाडं. ब्रिटनमध्ये बडलिया नावाचं जांभळ्या तुऱ्यांचं झुडूप सांध्यांत रुजतं, आपल्याकडे पिंपळ आणि उंबर. कितीही मोह झाला तरी उपटू नका. बोटभर जाडीची मुळी ओढली की दोन दगड सैल होऊन येतात. मालकाच्या माणसांनी ते बुंध्याशी कापून मुळी मारायची असते. आपण खोडाची जाडी आणि जागा लिहायची.

भेगा

भेगेची दिशा रुंदीपेक्षा जास्त सांगते. रुळांना समांतर, कमानीच्या पोटात कडेपासून भिंतीच्या जाडीएवढं अंतर सोडून धावणारी भेग बऱ्याच पुलांत दिसते. भिंतीखालची कमान ताठ असते, मधली गाडीबरोबर लवते, त्या दोघींच्या सीमेवर चीर पडते. लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही. रुळांना आडवी, कमानीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारी भेग जास्त गंभीर. तिथे कमान बिजागरीसारखी मोडू पाहते. कमानीच्या मुळाच्या कोपऱ्यातून निघून माथ्याकडे तिरपी जाणारी भेग बहुतेक वेळा खांबाची एक बाजू खचल्याचं सांगते. ती दिसली की आधी नदीकडे जा. माथ्यावरचा चावीचा दगड किंवा त्याच्या शेजारचा खाली सरकलेला दिसला तर बाकीची नोंद बाजूला ठेवून त्याच दिवशी कळवा.

भेगेच्या दोन्ही टोकांना फोटोवर खूण करा (भिंतीवर नाही), कार्डाने तीन ठिकाणी रुंदी वाचा आणि शेजारी तारीख, वेळ, तापमान लिहा. तापमान विसरलात तर आकडा फुकट. उन्हाने कमान फुगते आणि वर उचलली जाते, थंडीत बसते. तीच भेग जानेवारीत ०.८ आणि जुलैत ०.५ मिलिमीटर दिसू शकते, पुलाला काहीही न होता. म्हणून निदान वर्षभर, दर तीन महिन्यांनी वाचायची.

खांबाचा पायथा

पुरात नदी खांबाच्या वरच्या नाकाशी (प्रवाह आदळतो त्या टोकाशी) आणि दोन्ही कुशींना भोवरे करून तळ खरवडते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात बघायला जाल तर तळ सपाट, निर्धास्त. भरलेला गाळ भुसभुशीत असतो, त्याच्यावर खांब टेकत नाही. त्यामुळे तळ सपाट दिसतो या एका गोष्टीवर ‘पाया ठीक’ असं लिहू नका.

काठावरून दिसतील अशा खुणा: खांबाच्या नाकाशी अडकलेले ओंडके (त्यांच्यामुळे प्रवाह खाली वळतो आणि खरवड वाढते), पायाचा पूर्वी न दिसणारा रुंद थर उघडा पडणं, एकाच खांबाच्या दोन बाजूंना पाण्याचा रंग वेगळा असणं. गडद म्हणजे खोल. बोटीतून जाल तर खुणा केलेल्या दोरीला वजन बांधून खांबापासून १, २ आणि ३ मीटरवर खोली घ्या. ३ मीटरवर दीड आणि १ मीटरवर अडीच मीटर आली तर खड्डा आहे. दोरी किंवा बोट खांबाला बांधायची नाही. पाणी गढूळ आणि चढतं असेल तर बोटीतच बसू नका.

भारतीय रेल्वेच्या पुलांवर एक सोय असते. खांबावर आजवरच्या सर्वात मोठ्या पुराची रेघ रंगवलेली असते, पुलाचा क्रमांक आणि प्रवाहाची दिशा दाखवणारा बाणही. नोंदीत ते तिन्ही टिपून घ्या. रेघेच्या वर गाळाचा किंवा काटक्यांचा थर दिसला तर ती बातमी आहे.

दर्जा: चुना की सिमेंट

सांध्यांत भरलेल्या मसाल्याला आपले गवंडी दर्जा म्हणतात. १८५१ चा पूल चुन्यात बांधलेला. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि ओल त्याच्यातून बाहेर पडते. नंतरच्या दुरुस्तीत सिमेंट भरलं गेलं असेल तर ओळखायला दुर्बीणही लागत नाही: राखाडी, कडक, कधी दगडाच्या पुढे आलेली दोरीसारखी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड खाल्लेला. सांध्यातून बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर पाणी दगडातून निघतं. यॉर्कशायरच्या थंडीत ते गोठून फुगतं आणि दगडाची पापडी सोडवतं. आपला काळा बेसाल्ट असा खवलत नाही. तिथे सिमेंट आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि आतला जुना चुना धुपतो. बाहेरून दर्जा धडधाकट, हात लावला की सबंध पट्टी निघून येते.

दुरुस्ती मालक करतो, आणि वारसा यादीतल्या वास्तूत फेरबदल करायचे तर इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्याखाली आधी संमती लागते. पण दर्जाचं काम नीट झालं का हे ओळखायला कृती माहीत हवी. स्वतःच्या दगडी भिंतीवर हात बसवायलाही हीच चालते. जुना मसाला छिन्नीने काढायचा, ग्राइंडरने कधीच नाही, त्याचं पातं दगडाची कड खातं. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर. धूळ ब्रशने काढून सांधा पाण्याने भिजवायचा. पाणी तळाशी साचलेलं नको, दगड नुसता तृप्त हवा. एक भाग ‘३.५’ या ताकदीच्या श्रेणीचा नैसर्गिक जलीय चुना (पाण्याच्या संयोगाने आवळणारा) आणि अडीच ते तीन भाग धारदार, गाळलेली वाळू. पाणी बेताचं: गोळा मुठीत राहावा, बोटांतून गळू नये. थापीने वरवर लिंपायचं नाही, सांध्याएवढ्या पट्टीने थराथराने आत दाबायचं. अंगठ्याचं नख रुतेल पण बोट रुतणार नाही इतपत आवळला की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग खरखरीत करायचा. मग ओलं गोणपाट, निदान आठवडाभर. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढायचंच नाही. आपल्याकडे नेमकं उलटं, मार्च-एप्रिलच्या उन्हात चुना आवळण्याआधीच सुकतो आणि चिमटीत पीठ होतो. दिवसातून चार वेळा पाणी मारावं लागतं. चुना दळायच्या घाणीत मळलेल्या चुन्यात सुरखी (विटांची भुकटी), गूळ, हिरडा आणि बेलफळाचं पाणी घालणारे जुन्या वळणाचे कारागीर अजून मिळतात. मिळाले तर प्रमाण त्यांना ठरवू द्या, पण नमुन्याचा हातभर सांधा आधी भरून घ्या आणि महिनाभर थांबा.

घरी आल्यावर

फोटोंना त्याच रात्री नावं द्या: कमान २, वरची बाजू, पोट, तारीख. फोटो जोडून त्रिमिती प्रतिमा करायची असेल तर शेजारच्या दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा, कॅमेऱ्याचा फोकस आणि उजेडाची मांडणी लॉक केलेली, आणि प्रत्येक तुकड्यात कुठेतरी मोजपट्टी. पॅनोरमा चालत नाही, तो सरळ रेषा वाकवतो. जिथून फोटो काढले त्या जागा नकाशावर टिपा आणि पुढच्या वेळी त्याच जागांवर, तितकंच झूम करून उभे राहा.

अहवाल दोन पानांचा पुरतो: एक उभं रेखाचित्र, त्यावर क्रमांक, आणि मागे त्या क्रमांकांची यादी. अंदाज आणि माप वेगळ्या रंगात लिहा. सरकलेला दगड, आडवी भेग, उघडा पडलेला पाया यांच्यासाठी अहवालाची वाट पाहू नका. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या रेल्वे पुलांना पुलाचा क्रमांक आणि फोन लिहिलेली पाटी असते, भारतात जवळच्या स्टेशनमास्तरला पुलाचा क्रमांक आणि खांब सांगायचा. सांगताना ‘पूल धोक्यात आहे’ म्हणू नका. ‘दुसऱ्या कमानीच्या माथ्यावरचा दगड शेजारच्यापेक्षा सुमारे दोन बोटं खाली दिसतो, फोटो आहे’ असं म्हणा.